कोरडा शर्ट

मी अमळनेरच्या एका तेल कारखान्यात बॉयलरवर होतो. कोळसा टाकणं हे माझं काम. निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी नारळ हातात दिला आणि म्हणाले, गिरधर, आता आराम कर. मला आराम येत नाही. तो कुणी शिकवलाच नव्हता.

मुलाने पिंप्राळ्यात घर घेतलं म्हणून आम्ही जळगावला आलो. साखर वाढली होती. डॉक्टरने चालायला सांगितलं, म्हणून मी जवळच्या मैदानाला फेऱ्या मारू लागलो. तिथे संध्याकाळी पोरं बेसबॉल खेळायची. फेऱ्या झाल्या की मी कडेला उभा राहून बघायचो आणि कोण काम चुकवतो ते मोठ्याने सांगायचो. काही महिन्यांनी क्लबवाल्यांनी मला संघाचा मॅनेजर केलं. मला वाटलं, माझी नजर ओळखली. नंतर कळलं, सामानाच्या खोलीची किल्ली सांभाळायला त्यांना रिकामा माणूस हवा होता.

बेसबॉल मला किती कळतो म्हणाल तर बायकोपेक्षा, म्हणजे आमच्या सुगंधाबाईंपेक्षा, थोडा जास्त. त्या म्हणतात, "दांडूनी चेंडूले मारानं आनि पळानं. यात मॅनेजर काय करस?" नऊ जण खेळतात, फटका वरच्यावर झेलला की मारणारा बाद, एवढं मला येतं. पण माणूस जीव ओतून काम करतो की नाही हे मला कुणी सांगावं लागत नाही. बॉयलरसमोर त्याची एकच खूण होती. पाळी संपल्यावर ज्याचा शर्ट कोरडा, त्याने दिवसभर काही केलं नाही. मी तोच नियम मैदानावर आणला. सराव संपला की पोरं रांगेत उभी राहत आणि मी एकेकाच्या पाठीवर हात फिरवायचो. हात ओला झाला तर "शाबास." नाही झाला तर मी काही बोलायचो नाही. ते जास्त लागतं.

कुंदनच्या पाठीवर हात ठेवला की विहिरीत घातल्यासारखा वाटायचा. असा घाम मी बॉयलरवरसुद्धा पाहिला नव्हता. चेंडू यायचा आणि कुंदन त्याच्यामागे धावायचा, झेपावायचा, लोळायचा, कधी कधी झेलायचासुद्धा. मी त्याला माझा माणूस म्हणायचो.

आणि ज्याच्या पाठीवर माझा हात कधीच ओला झाला नाही, तो धनसिंग.

धनसिंग पारोळ्याकडचा. वय सव्वीस-सत्तावीस. जळगावात प्लास्टिकच्या चटया विणायचा कारखाना आहे, तिथे मागावर कामाला. पिंप्राळ्यात एका खोलीत तिघं राहायचे. सायकलवरून यायचा. हँडलला पिशवी, पिशवीत डबा, डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. सराव झाला की पायरीवर बसून खायचा, कुणी बाजूला असला तर अर्धी त्याला द्यायचा. माझ्याकडेही एकदा पुढे केली. मी म्हटलं, "काम करून खावं." तो म्हणाला, "हा नाना," आणि माझ्या वाटची बाजूला काढून ठेवली.

तीन वर्षं तो आमच्या ब संघात होता. ब संघ म्हणजे ज्यांना खेळायची आवड आहे आणि ज्यांना आम्ही खेळवत नाही अशांचा संघ. बॅट त्याला लागतच नव्हती. फिरवायचा छान, पण चेंडू मागे बसलेल्या कॅचरकडे आणि बॅट आभाळाकडे. तीनदा हुकायचा, बॅट ठेवायचा, जागेवर जायचा. चिडणं नाही, बॅट आपटणं नाही. मला त्याचा राग यायचा तो यासाठी. हरणाऱ्याने निदान हरल्यासारखं दिसावं.

मधल्या मैदानात उभा असायचा तेव्हा तर मी बघूच शकत नव्हतो. कुंदन इकडून तिकडे पळतोय आणि हा कमरेवर हात ठेवून उभा. चेंडू उडाला की दोन पावलं टाकायचा आणि झेलायचा. मी योगेंद्रला म्हणायचो, "याच्या नशिबाने चेंडू याच्याकडेच जातो."

योगेंद्र आमचा प्रशिक्षक. शाळेत खेळ शिकवतो. चांगला मुलगा आहे, पण माझं पूर्ण ऐकून घेतो आणि मग स्वतःचंच करतो.

या वर्षी आमचा संघ मोडला. दोघं नोकरीला पुण्याला गेले, एक पोलिसात भरती झाला, चेंडू टाकणारा आमचा पिचर लग्न करून नाशिकला सासऱ्याच्या धंद्यात बसला. नव्याने संघ बांधायचा होता. चौदा जण ठरले. पंधरावा मी आणि योगेंद्रने मिळून ठरवायचा होता. मी म्हटलं कुंदन. तो म्हणाला धनसिंग.

"तीन वर्षं ज्याला ब संघात जमलं नाही त्याला अ संघात जमेल?" मी विचारलं.

"नाना, चांगले गेले. आता जे बाजूला बसलेत त्यांच्यातूनच कुणीतरी काढावा लागेल."

"बाजूला का बसलेत ते विचार."

"आपण बसवलं म्हणून."

"हरायचंच असेल तर घाम गाळणाऱ्यांना घेऊन हरू. निदान लोक म्हणतील, हरले पण खपले."

"लोक कोण, नाना? सामना बघायला तुम्ही आणि दोन कुत्री असता."

यावर उत्तर होतं, पण मला ते घरी गेल्यावर सुचलं.

तेवढ्यात धनसिंगनेच घाई केली. एकदा किल्ली द्यायला आला आणि उभा राहिला. त्याची मोठी बहीण रत्ना सुरतला दिलेली. तिच्या नवऱ्याने तिथल्या कापडाच्या मागावर याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. इथल्यापेक्षा बरं काम. येत्या मंगळवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

"मग जा की," मी म्हटलं.

"जास नाना. पन संघमा नाव लागनं तर नही जाऊ. यंदा खेळसू." त्याने किल्ली पुढे केली. "नही लागनं तर मंग खेळनं कधीच नही. तठे मैदान कोठे शे?"

पायरीवर बसून भाकरी खाणाऱ्या माणसाला खेळाचं इतकं वेड असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "रविवारी धुळ्याच्या संघाशी सामना ठेवतो. त्यात तू आणि कुंदन दोघं खेळा. संध्याकाळी नाव सांगतो." मला मी फार न्यायी वाटलो.

धुळ्याच्या संघाचे मॅनेजर झुलालभाऊ. एसटीत मेकॅनिक होते, माझ्याच वयाचे, माझ्याइतकेच रिकामे. फोन केला. म्हणाले, "रविवारी? येतो ना. रविवारी काय काम असतं आपल्याला?" मीही म्हटलं, काही नाही.

दोन म्हातारे खान्देशात जन्मले, खान्देशात पिकले, आणि दोघांनी मिळून सामना ठेवला कानबाईच्या रविवारी.

कानबाई म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे मूठ मोजून गहू घेतात, त्याचे रोट करतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला देता येत नाहीत, जावयालासुद्धा नाहीत, आणि संपवावे तर लागतात. म्हणून सुरतेहून, पुण्याहून, कुठून कुठून माणसं गावी येतात. ज्याच्या नावाची मूठ मोजली त्याने जेवायला बसायलाच हवं.

आमच्या घराण्याची कानबाई गावी थोरल्या भावाकडे बसते. सुगंधाबाई दोन दिवस आधी गेल्या. जाताना म्हणाल्या, "रविवारले या. ध्यान शे ना?" मी हो म्हणालो. बायको काही सांगत असली की मी हो म्हणतो. चाळीस वर्षं चाललंय.

रविवारी सकाळी खोली उघडली, बॅटा काढल्या, चुना टाकून रेषा मारल्या. घाम गाळला. मैदानावर कुणी नाही. कुंदनला फोन लावला. मागे ढोल, बायकांची गाणी.

"कुठे आहेस रे?"

"नाना, गावी! आज कानबाई. तुमची नाही का बसत?"

"सामना आहे."

"आज? नाना, कुणी ठेवला?"

मी फोन ठेवला.

मग ज्यांच्याकडे कानबाई बसत नाही असे एकेक जमू लागले. योगेंद्र आला. वना आला, पुना आला, ब संघातले आणखी काही. धनसिंग सायकलवरून आला. मी विचारलं, "तू गावी नाही गेलास?"

"काका वारनात ना नाना. यंदा आमनाकडे कानबाई नही." सायकल भिंतीला लावत तो म्हणाला, "यंदा मनी मूठच नही मोजी कोनी."

धुळ्याचा टेम्पो आला. त्यातून झुलालभाऊ उतरले, मागून सात खेळाडू. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गिरधरभाऊ, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"माझी बायको बोलत नाही माझ्याशी."

"माझी अजून बोलायची आहे."

तेवढ्यात तिचा फोन आलाच. "तुमनी मूठ मोजायेल शे. कोन खाई ती?" मी म्हटलं, सामना आहे. ती म्हणाली, "खेळा मंग," आणि फोन बंद. तिच्या आवाजात मला कुठेही विनोद दिसला नाही.

झुलालभाऊंनी टेम्पोवाल्याला उभं केलं, एक आमचा उसना घेतला, नऊ केले. आमचे झाले आठ. योगेंद्र माझ्याकडे बघू लागला.

"नाना, उजव्या टोकाला उभे राहा. तिकडे चेंडू फारसा जात नाही."

सहासष्टाव्या वर्षी मी हातात कातडी पंजा घातला. मनातून म्हणाल तर मला आनंद झाला. या पोरांना आता दाखवतो, म्हटलं, घाम कशाला म्हणतात. बाजूला मधल्या मैदानात धनसिंग होता, कमरेवर हात ठेवून.

पहिल्या डावात माझ्याकडे काही आलं नाही, तरी मी जागच्या जागी पळत होतो. दुसऱ्यात धुळ्याचा एक डावखुरा खेळाडू आला. धनसिंग माझ्याकडे वळून ओरडला, "नाना, डावा शे. मांगे सरा. त्या निंबना झाडनी बाजूले."

मागे? मागे सरणं माझ्या रक्तात नाही. मी पुढे गेलो. बॅट लागली, चेंडू उडाला आणि मी जीव तोडून धावलो. आधी पुढे, मग चुकलं असं वाटून डावीकडे, मग मागे. शर्ट भिजला, टोपी पडली. चेंडू निंबाच्या झाडाच्या दिशेला पडला, बरोबर तिथे, जिथे मी न धावता उभा राहिलो असतो. त्यांच्या दोन धावा झाल्या.

धनसिंग चेंडू आणायला गेला. येताना माझी टोपी उचलून दिली. काही बोलला नाही. ते जास्त लागतं, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढचा खेळाडू आला. मी चेंडूकडे न बघता धनसिंगकडे बघायला लागलो. कडेला उभं राहून हे कधी दिसलं नव्हतं, कारण तिथून मी नेहमी पळणाऱ्याकडे बघायचो. पिचरने हात मागे नेला की हा थोडा सरकायचा. मारणारा पुढचा पाय टाकायचा की हा आणखी थोडा सरकायचा. बॅट चेंडूला लागायच्या आधी याचं चालणं संपलेलं असायचं. मग चेंडू यायचा आणि आपल्याला वाटायचं, याच्याकडेच आला. नशीब म्हणत होतो मी त्याला.

मध्यंतरात नळाशी पाणी प्यायला गेलो. वना तिथे होता. बाटली भरली, दोन घोट घेतले, आणि उरलेलं पाणी मानेवरून स्वतःच्या शर्टाच्या पाठीवर ओतलं. मग मी दिसलो.

"हे काय रे?"

"सवय, नाना." तो लाजला. "सराव संपत आला की आम्ही बठ्ठे ओततो. कुंदन तर दोन बाटल्या ओततो."

"बठ्ठे? सगळे?"

"धनसिंग नाही ओतत. तो म्हणतो, नानाले कशाला फसवानं."

मी नळाखाली डोकं धरलं. बराच वेळ धरलं. बॉयलरवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला घाम आणि नळाचं पाणी यातला फरक हाताला कळू नये. पाणी गार असतं, एवढंसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं. उलट मी कुंदनला एकदा म्हटलं होतं, तुझा घाम गार आहे, तब्येत चांगली दिसते.

सामना आम्ही हरलो. हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल धनसिंगने जिंकवला. धनसिंग मारायला तीनदा आला आणि तिन्ही वेळा हवेला मारून परत गेला. ब संघातल्या वनाला आणि पुनालाही आम्ही संधी दिली होती. ते दोघं मी सांगितलं होतं तेवढेच वाईट निघाले. त्यांच्याबाबत माझं बरोबर होतं, पण ते मला कुणी विचारत नाही.

शेवटच्या डावात तो डावखुरा पुन्हा आला. मी धनसिंगकडे बघितलं. त्याने हाताने दाखवलं, मागे. मी मागे गेलो, निंबाच्या दिशेला.

"नाना, आते उभा ऱ्हावा. हालू नका."

आयुष्यात इतकं कठीण काम मी केलेलं नाही. चेंडू उडाला, पाय आपोआप निघायला लागले. मी त्यांना दाबून धरलं. चेंडू वर गेला, थांबला, माझ्यावरच खाली यायला लागला. मी पंजा वर केला, आणि चेंडू पंजाला लागून छातीवर आदळून खाली पडला. झेल सुटलाच. पण चेंडू माझ्या पायाशी होता. धनसिंग धावत येऊन पोचलाच होता. त्याने उचलून फेकला आणि दुसऱ्या बेसकडे निघालेला डावखुरा तिथेच बाद झाला. तो धावताना मी पहिल्यांदाच पाहिला. काय धावतो! गरज नसताना कधी धावलाच नव्हता, म्हणून दिसलं नव्हतं.

टेम्पो गेला. पोरं जमिनीवर बसली. योगेंद्र माझ्या मागून आला आणि माझ्या पाठीवर हात फिरवला.

"नाना, शाबास," तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. हसण्यावाचून काही उरलं नव्हतं.

मग त्याने हळूच विचारलं, "पंधरावा कोण?"

"तुला माहीत आहे."

"तुमच्या तोंडून पाहिजे."

धनसिंग पायरीवर डबा उघडत होता. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो. म्हटलं, "मंगळवारी जाऊ नको."

त्याचा घास हातातच राहिला. "नाना, बॅट लागत नही मनी."

"ते मला माहीत आहे. सगळ्या जळगावाला माहीत आहे."

"मंग?"

"मग काय, शिकशील. नाही शिकलास तर तिकडे उभा राहा. एक माणूस बरोबर जागी उभा असला म्हणजे आठ जणांचं पळणं वाचतं."

त्याने घास डब्यात ठेवला. फोन काढून बहिणीला लावला, दोन शब्द बोलला आणि फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. ती मनं ऐकत नही."

तिकडून रत्ना. आवाज खणखणीत. "कोण, नाना का? तुम्ही आमच्या धनसिंगला थांबवता? इकडे जागा जाईल त्याची. तो तिथे करतो तरी काय?"

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं.

"उभा राहतो," मी म्हटलं.

"काय?"

"उभा राहतो. पण जिथे राहायला पाहिजे तिथे."

ती हसली. मग म्हणाली, "लहानपणापासून तसाच आहे तो. आई म्हणायची, हा काही करत नाही, पण काही सांडलं की हाच जवळ असतो." मग विचारलं, "जेवतो का नीट?"

"जेवतो. अर्धं दुसऱ्याला देतो."

"मग ह्यांना सांगते मी. चिडतील. चिडू द्या."

फोन परत दिला. धनसिंगने अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली. काम करून खावं असं मी त्याला कधीतरी म्हटलं होतं ते आठवलं. दोन धावा देऊन आणि एक झेल सोडून मी ती भाकरी खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि गावाकडचे माझ्या वाटचे रोट, संध्याकाळी कळलं, गाईला दिले होते. सुगंधाबाई म्हणाल्या, गाय कधी सामना ठेवत नाही.

कुंदन मंगळवारी गावाहून आला. त्याला ब संघात टाकलं. तो म्हणाला, "नाना, मी इतका घाम गाळतो." मी म्हटलं, "हो, नळ तिकडेच आहे." मग वाईट वाटलं. पोरगं जीव तोडून पळतंच, ते खोटं नाही. त्याला म्हटलं, धनसिंगशेजारी उभा राहा आणि महिनाभर पळू नको, नुसता बघ. त्याला ती शिक्षा वाटली.

त्याच संध्याकाळी धनसिंगने सरावात पुन्हा तीनदा हवा मारली. सराव संपला, पोरं सवयीने रांगेत उभी राहिली. ही पद्धत बंद असं मी सांगणार होतो, पण हात आधीच निघाला होता. पहिला धनसिंगच उभा होता. त्याच्या पाठीवर हात टेकला. कोरडी. मी म्हटलं, "शाबास."

मागे रांगेत वना पुटपुटला, "आता बाटली कोणी आणली असेल तर प्यायला द्या."